ढेकणांसकट घेतलेलं घर

मी महाडमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर डोळा मायक्रोस्कोपला. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर हसण्यासाठी. कुणाला पिंपळाखाली बाई दिसली की मी म्हणायची, आधी बघणाऱ्याचं हिमोग्लोबिन तपासा. आता मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर लॅबमधली मंडळी काय म्हणतील ते मला माहीत आहे. म्हणोत बापडी.

आमचं गाव पोलादपूर तालुक्यातलं कापडे. गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, खळ्यावरच अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला. डावा पाय ओढत का होईना चालू लागला, पण डावा हात गेला तो गेलाच. नुसता लुळा नाही, खांद्यापासून पार बधिर. एकदा तो हात तापलेल्या टोपाला टेकून भाजला आणि आप्पांना पत्ताच नाही... कातडीचा वास आईला आला तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, पहिले सहा महिने काय ते महत्त्वाचे. रोज फिजिओथेरपी करा. त्यानंतर फारशी आशा धरू नका.

कापड्याहून त्यांना रोज महाडला आणणं शक्य नव्हतं, आणि मी राहायची ती भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेली. म्हणून फ्लॅट शोधायला लागले.

महाडात घर बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. तो मी विचारला, "बाई, पुराचं पाणी कुठपर्यंत येतं?"

फ्लॅटच्या मालकीणबाई निवृत्त शिक्षिका होत्या, लेकीकडे पुण्याला निघालेल्या. त्या म्हणाल्या, "पाणी जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत. वर येत नाही. वर ढेकूण आहेत."

मला वाटलं थट्टा करतायत. पण बाईंनी बाही वर करून चावे दाखवले. "जुना दिवाण घेतला, त्यातून आले. मी लपवून विकणार नाही. तीन गिऱ्हाइकं हे ऐकून परत गेली. तुम्हीही विचार करा."

विचार काय करायचा? पहिला मजला, फिजिओथेरपी पाच मिनिटांवर, आणि ढेकणांमुळेच घर माझ्या आवाक्यात आलेलं. त्यात इतकं खरं बोलणारी बाई. मी होकार दिला आणि जाताना दिवाणाच्या फटीतला एक ढेकूण सॅम्पलच्या डबीत घालून लॅबमध्ये नेला. भिंगाखाली पाहिला. अस्सल ढेकूण होता, शंकेला जागा नाही.

राहायला येण्याआधी दिवाण फेकला. पेस्ट कंट्रोलच्या इक्बालभाईंनी दोनदा औषध मारलं. अंडी फुटतात म्हणून तिसरा हात पंधरा दिवसांनी मारायचा ठरला.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे नव्या जागेत पाऊल ठेवलं की नारळ धरून जागेच्या देवाला गाऱ्हाणं घालतात. आमच्या वाडीत ते काम आप्पांचं. कुणाचं घर, कुणाची विहीर, कुणाचं खळं... गाऱ्हाणं घालायला आप्पाच. पण नारळ दोन्ही हातांत धरावा लागतो. आईने नारळ पुढे केला तर त्यांनी तोंड फिरवलं. म्हणाले, "ह्यो हात माजा नाय आता. उसना लटकवलाय खांद्याला. द्येवापुडं काय घेऊन उबा ऱ्हाऊ?"

आप्पा असं कधी बोलले नव्हते. मग आईनेच पदर डोक्यावर घेतला आणि नारळ उचलला. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत आमच्यात. पण चाळीस वर्षं ऐकून तिला ते पाठ होतं, आणि पाठ होतं तसंच तिने म्हटलं — "हे जागंच्या मालका, ह्या जागंत जी काय वस्ती हाय, तिनं आपल्या ठिकानी सुखानं ऱ्हावं. आमी कुनाला हाकलाय आलो नाय. जागा वाटून घिऊ, आनि आमच्या मान्साला तुमच्यातला समजून सांबाळा."

शेजारचे चार लोक रीतीप्रमाणे "होय म्हाराजा" म्हणाले. मी कपाळावर हात मारला. "आई, इथली वस्ती म्हणजे ढेकूण. त्यांना हाकलायला मी माणूस लावलाय आणि तू त्यांना राहायला सांगितलंस?"

आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. कितीतरी महिन्यांनी आप्पा वाकड्या तोंडाने हसले.

ठरल्याप्रमाणे इक्बालभाईंनी तिसरं औषध मारलं. एकही ढेकूण मिळाला नाही, मेलेलासुद्धा. सगळं छान चाललं होतं... फक्त हात तसाच. फिजिओथेरपीवाली मुलगी रोज हसून "होईल हां आजोबा" म्हणायची आणि दाराबाहेर आली की माझ्याकडे बघायची नाही. पाचवा महिना संपत आला होता.

एका रविवारी दुपारी जेवून आप्पा पडले होते. उठले ते कुरकुरतच. "पोरी, चावतंय गो काय तरी."

शर्ट काढून पाहिलं, तर डाव्या खांद्यावर ओळीने चाव्याच्या तीन लाल गांधी. माझं डोकंच सणकलं. बाहेर जाऊन इक्बालभाईंना फोन लावला आणि झापायला सुरुवात केली, "कसलं औषध मारलंत तुम्ही? माझ्या वडलांना चावलेत, डाव्या खांद्यावर, केवढी खाज सुटलीय त्यांना..."

आणि मी थांबले. डाव्या खांद्यावर. खाज.

फोन तसाच चालू ठेवून आत गेले. आप्पांना डोळे मिटायला लावले आणि खांद्याला बोट लावलं. "कुठे लावलं?" "खांद्याला, आनि कुटं. खुळी झालीस काय?" कोपराला लावलं, ते कळलं नाही. मी तिथेच खाली बसले आणि रडले.

दोन दिवसांनी गांधी दंडावर उठल्या, तिथली जाण आली. मग कोपर. मग मनगट. दर वेळी दुपारच्या झोपेनंतर, दर वेळी ओळीने तीन, आणि जिथे उठतील तिथली कातडी जागी व्हायची, मागोमाग थोडी हालचालही. आई त्याच अंथरुणावर शेजारी झोपायची, तिला एक चावा नाही. आप्पांच्या उजव्या हातावरही नाही.

इक्बालभाईंनी पलंगाचा सांधा न् सांधा मोकळा केला. म्हणाले, "ताई, ढेकूण असला की चादरीवर डाग पडतो. इथे कायच नाय. पन आजोबांचे चावे बघून मी शपथ घ्यायला तयार हाय की ढेकनाचेच." पुन्हा औषध मारू का, असं त्यांनी विचारलं. मी आईकडे पाहिलं.

"नगं. हाकलाय आलो नाय, असं बोललेय मी," आई म्हणाली.

आणि मी, मायक्रोस्कोपवाली, इक्बालभाईंना नको म्हणाले. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. भीती वाटली, एवढंच. हाताची वाट चुकेल याची.

मी गप्प बसले नव्हते. पलंगाच्या पायांना चिकटपट्टी लावली, तिच्यावर मुंगीसुद्धा सापडली नाही. आप्पा स्वतःच खाजवत असतील म्हणून त्यांच्या उजव्या हाताला कापडी मोजा बांधला, गांधी उठल्याच. भिंगातून प्रत्येक गांधीच्या मध्ये टोचल्याचा बारीक ठिपका दिसायचा. डॉक्टर म्हणाले, जाण अशी खांद्यापासून खाली परत येऊ शकते, खाजही सुटते. गांधींचं विचारलं तर म्हणाले, "त्या कशाने आल्या, सांगता येत नाही. पण तुम्ही कशाला तक्रार करताय?"

शेवटची गांध करंगळीवर उठली. त्या दुपारी आप्पांनी आईचा पदर डाव्या मुठीत धरून ओढला. आई ओरडली, "सोडा की, पोरगी बगतेय," आणि हसत रडत राहिली. त्यानंतर आमच्या घरात कुणालाही काहीही चावलेलं नाही.

मालकीणबाईंचा मध्ये फोन आला होता. "ढेकणांचा त्रास नाही ना हो? मला सारखी रुखरुख लागून राहिलीय." त्यांना काय सांगू? म्हटलं, "नाही बाई. फार उपकार झाले तुमचे." त्यांना तो टोमणा वाटला असावा. एकदा पुण्याला जाऊन समोर बसून सांगणार आहे.

हात काही पूर्वीसारखा झालेला नाही. कपातला अर्धा चहा सांडतो. पण अक्षय तृतीयेला आप्पांनी स्वतःहून नारळ मागितला. दोन्ही हातांत धरला. डावा थरथरत होता. आईने खाली ओंजळ धरली होती, पण हाताला टेकवली नाही.

जीभ अजून जड आहे, त्यामुळे गाऱ्हाणं लांबलं नाही. "हे जागंच्या मालका," आप्पा म्हणाले, "ज्या कुनी चावून चावून माजा हात मला परत दिला, त्यांना मी वळकत नाय. त्यांची वस्ती जितं आसंल तितं सुखाची ऱ्हाऊ दे."

माझ्याकडे या सगळ्याचा खुलासा नाही, आणि आता मी तो शोधतही नाही. त्या दिवशी "होय म्हाराजा" सगळ्यांत मोठ्याने मी म्हटलं.