थेंबराव आणि थुजाची काडी

...आणि पोस्टमन बाकावर थैली आपटून म्हणाला, “थेंबराव, माझी चामखीळ मला परत द्या!”

काल इथवर आलो होतो. मग सगळेच हसत सुटले आणि पुढचं राहून गेलं. त्या पोस्टमनच्या नाकाच्या शेंड्यावर चांगली वाटाण्याएवढी चामखीळ होती. थेंबरावानं काडीनं औषध लावून लावून ती घालवली. तर गल्लीतली कुत्री पोस्टमनला ओळखेनात, अंगावर धावून यायला लागली. थेंबरावानं त्याचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाला, “कुत्र्यांना पाठवा. समजावतो.”

होताच तसा. थेंबराव हे त्याचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागत असेल. होमिओपॅथीच्या दवाखान्यात कंपाउंडर. सारा जन्म थेंब मोजण्यात गेला आणि बोलणंही थेंबाथेंबानंच. शेजारी माझं किल्ल्या करायचं दुकान, मधे फळ्यांची भिंत. पलीकडून दिवसभर धप् धप् ऐकू यायचं. नवं गिऱ्हाईक विचारायचं, आत कोण काय कुटतंय? मी सांगायचो, औषधाला मार देऊन शहाणं करतायत. खोटं नव्हतं ते. मूळ अर्काचा एक थेंब घ्यायचा, त्यात भरपूर स्पिरिट, बूच घट्ट, आणि बाटली चामड्याच्या उशीवर आपटायची. त्यातला एक थेंब दुसऱ्या बाटलीत, पुन्हा आपटायची. जितकं पातळ तितकं जहाल, असा त्यांचा हिशेब. आमच्या गावच्या शाळेतल्या मास्तरांपुढे मी हा हिशेब मांडला असता तर त्यांनी बाटली सोडून मलाच आपटलं असतं.

दवाखान्याच्या मागच्या अंगणात थुजाचं झुडूप होतं. मोरपंखी म्हणतो ना आपण, तिच्याच जातकुळीतलं. चपटी, एकावर एक बसवल्यासारखी पानं. चुरडली की राळेसारखा उग्र वास हाताला चिकटून राहायचा. थेंबराव कोवळे शेंडे खुडायचा, खलात ठेचायचा, स्पिरिटमध्ये बुडवून बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवायचा. मग फडक्यातून गाळला की हिरवट तपकिरी अर्क. त्याच्या गोळ्या पोटातून, आणि तोच अर्क काडीला कापूस गुंडाळून चामखिळीवर.

डॉक्टर म्हातारे, बोलायची हौस मोठी. रोगी नसले की फळीवर टकटक करून मला बोलवायचे आणि त्या झाडाचं पुराण लावायचे. जुने लोक म्हणे त्याची पानं चरबीत कढवून सांध्यांना चोळायचे, खोकल्याला काढा द्यायचे, लोकरीच्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून पेटीत फांद्या घालायचे. लांब कुठले खलाशी हिरड्यांतून रक्त येऊन मरायला टेकले होते, ते त्याचाच काढा पिऊन उठले. म्हणून त्याला जीवनाचं झाड म्हणतात.

मी म्हटलं, “डॉक्टर, टकलाला चालतं का?”

“किल्लीवाले, टक्कल हा रोग नाही, निकाल आहे.”

तर असे ते दिवस. चामखिळीचं खातं डॉक्टरांनी थेंबरावावर सोपवून टाकलं होतं. रोगी आत आला आणि चामखीळ म्हणाला, की ते नजर न उचलता म्हणायचे, “बाहेरच्या बाकावर बसा.” लोक तर थेट बाकावरच येऊन बसायला लागले. थेंबरावाला त्याचा अभिमान होता. दाखवायचा नाही, पण काडी हातात घेतली की त्याची पाठ आपोआप ताठ व्हायची.

आणि मग थेंबरावाच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या, तळपायाला काळा ठिपका आला.

वहिनी घरी शिवणकाम करायच्या, उशांचे अभ्रे आणि पडदे. पायाची मशीन. ठिपका उजव्या चवड्याखाली, जिथे पायडल लागतं नेमका तिथे. त्यांनी तो घट्टा समजला. थेंबरावानं पाहिला, बोट फिरवलं, म्हणाला, “चामखीळ.” झालं. रोज संध्याकाळी वहिनी खुर्चीत बसायच्या आणि हा समोर पाटावर बसून त्यांचा पाय मांडीवर घ्यायचा.

मी एकदा त्यांच्या कपाटाची किल्ली द्यायला गेलो तेव्हा पाहिलं. दोघांचं एकमेकांशी बोलणं तसं बेताचंच. मूलबाळ नाही, जेवायला वाढलंय आणि दिवा मालवा, एवढ्यावर वर्षं गेलेली. पण त्या पाटावर थेंबराव वेगळाच दिसला. काडी बुडवायची, लावायची, फुंकर घालायची.

“अहो, गुदगुल्या होतात.”

“हलू नकोस.”

“भावजी, बघा हो, या वयात पाय धरून बसलेत.”

मी म्हटलं, “वहिनी, सोडू नका. पुन्हा सापडायचा नाही.”

त्या खूप हसल्या. मग थेंबरावानं विचारलं, “कसं वाटतंय?” त्या म्हणाल्या, “कमी आहे. कालच्यापेक्षा कमी.” मी वाकून पाहिलं. मला ते कमी दिसलं नाही. बटणाएवढं झालं होतं, कडा वेड्यावाकड्या, एका बाजूनं रक्तानं ओलसर.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच त्याला गाठलं. “अरे, वाढलंय ते.”

“वाढणारच. औषध लागू पडलं की दुखणं आधी उसळतं. मग बसतं.”

“आणि रक्त?”

“उसळतंय.”

“डॉक्टरांना दाखव की. दहा पावलांवर बसतात.”

त्यानं बाटली उशीवर आपटली. “चामखिळी माझ्याकडे असतात.”

आता याला काय म्हणायचं सांगा. आडमुठेपणा म्हणावा तर तो त्याच्या अंगात नव्हता. पण हे उसळण्याचं शास्त्र त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. दुखणं कमी झालं तर औषध चांगलं, वाढलं तर आणखी चांगलं. त्या बाटलीला हरायला वाटच ठेवलेली नव्हती. मी वहिनींकडे गेलो. म्हटलं, तुम्ही तरी मोठ्या दवाखान्यात जा. त्या सुईत दोरा ओवत होत्या. म्हणाल्या, “भावजी, गावभराच्या चामखिळी ह्यांनी घालवल्या. बायकोच दुसरीकडे गेली तर बाकावर कोण बसेल? आणि कमी आहे हो.”

पण मशीनचा आवाज कमी झाला. आधी त्या डाव्या पायानं पायडल मारायला लागल्या, टाके वाकडे पडायला लागले. मग मशीनवर कापड झाकलेलं दिसायला लागलं. औषधाला मारक म्हणून त्यांनी कॉफी सोडली होती, कांदा सोडला होता. अंगानं उतरल्या. पथ्यानं उतरलीय, असं थेंबराव सांगायचा. माझ्याकडे न बघता सांगायचा.

शेवटी डॉक्टरांनी पाहिलं तेही वहिनी थेंबरावाचा विसरलेला चष्मा द्यायला आल्या म्हणून. दारातून बाकापर्यंत त्या भिंत धरून चालल्या. डॉक्टर पडद्याआडून बघत होते. “पाय वर घ्या,” म्हणाले. मोजा रक्तानं चिकटला होता, पाण्यानं भिजवून सोडवावा लागला. डॉक्टरांनी तळवा पाहिला, मग जांघेत हात लावून पाहिला. तिथे गाठ होती. ते खाली बसले.

“याला चामखीळ कोण म्हणालं?”

बाकावरची दोन माणसं हळूच उठून गेली. डॉक्टरांनी दवाखान्याचं दार लावलं, स्वतः गाडी बोलावली आणि मला म्हणाले, “किल्लीवाले, तुम्ही बरोबर जा. याच्यानं काही विचारणं होणार नाही.”

मोठ्या दवाखान्यात वहिनींना आत नेलं. आम्ही बाहेर लोखंडी खुर्च्यांवर. थेंबरावाच्या बोटांना अजून थुजाचा वास येत होता. सर्जनबाई आल्या. तरुण होत्या, पण आवाजात घाई नव्हती. म्हणाल्या, हा चामडीचा कॅन्सर आहे, वरपर्यंत गेलाय. पाय काढूनही फारसं हाती लागेल असं वाटत नाही. सुरुवातीला, ठिपका होता तेव्हा आला असता तर तेवढाच कापून काढला असता. मग त्यांनी याच्याकडे पाहिलं.

“तुम्ही दवाखान्यात काम करता ना? रोज पाय हातात घेत होता. वाढतंय हे दिसलं नाही तुम्हाला?”

मला वाटलं, आता हा उसळण्याचं काहीतरी सांगणार. तो उभा राहिला. हात पाठीमागे नेले आणि म्हणाला, “दिसत होतं, बाई. पहिल्यापासून दिसत होतं. पण ती रोज कमी आहे म्हणायची, आणि ते ऐकायला मी रोज पाटावर बसायचो.”