एका बोटापुरते यंत्र

त्या वर्षी गणपतीच्या दिवसांत माझ्या भावाचा आवाज पूर्णपणे गेला. हातपाय त्याआधीच गेले होते. उरली होती उजव्या हाताची तर्जनी आणि दोन पापण्या. दादा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या एका कारखान्यात मापकयंत्रे दुरुस्त करीत असे. दाब आणि उष्णता दाखवणारे काटे त्याच्या बोटांना वश होते. मुंबईच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन आजाराचा पुढचा क्रम सांगितला. तर्जनी दिवाळीनंतर फार दिवस टिकणार नाही, असे त्या क्रमात होते.

आमचे घर पाम गावात, चिकूच्या वाडीला लागून. पश्चिमेचा वारा सुटला की दांडीला वाळत घातलेल्या बोंबलांचा वास उंबऱ्यापर्यंत येई. पूर्वेचा सुटला की कारखान्यांचा, जिभेवर नाणे ठेवल्यासारखा. दादाची खाट खिडकीशी होती. वारा फिरला की त्याची नजर खिडकीकडे जाई, आणि तेवढेच तो कुणाच्या मदतीवाचून सांगू शकत होता.

बाकी सगळे आईच्या तोंडून जाई. मी एका पुठ्ठ्यावर वर्णमाला लिहून दिली होती. आई अक्षरांवरून बोट फिरवीत मोठ्याने म्हणत जायची. पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. पण आईला शब्द संपेपर्यंत धीर नसे.

"प... पा... पाणी! पाणी पायजे ना, पोरा?"

दादा दोनदा पापण्या मिटी.

"नाय काय नाय? सकाळपासून घोटभर प्यायला नाय हायस तू." आणि चमचा ओठांशी. त्याला 'पाठ' म्हणायचे असे. पाठीला खाज सुटलेली असे. तो पाणी पिऊन घेई.

मला हे बघवेना. त्याला निदान एक वाक्य असे बोलता यावे, की जे दुसऱ्या कुणाच्या जिभेवरून गेलेले नाही. आणि ते तर्जनी जाण्याआधी. त्या दिवसांत माझ्या मनात याखेरीज दुसरे काही नव्हते.

आवाज होता तेव्हाच दादाने त्यासाठी एक यंत्र वहीत मांडून ठेवले होते. संगणकाच्या पडद्यावर वर्णमाला; एक उजेड अक्षरावरून अक्षरावर सरकत जाणार; हवे ते अक्षर आले की बोटाखालचे बटण दाबायचे, की ते अक्षर खालच्या ओळीत उतरणार. संगणक चालवणाऱ्या ज्या प्रणाली बाजारात मिळत, त्यांत अक्षरांचे आकार आपल्या मनाजोगे बदलता येत नव्हते. म्हणून त्याने एक वेगळी प्रणाली निवडली होती. ती एका इंग्रजी मासिकासोबत सीडीवर फुकट आली होती आणि तिची सगळी अंतर्रचना कुणालाही उघडून पाहता येत असे.

बोईसर स्टेशनजवळच्या संगणकवाल्याने ते पाकीट उलटून पाहिले. "ताई, हे कुठल्या कंपनीचं नाय. असल्याला आम्ही सपोर्ट देत नाही. मशीन अडकलं तर माझ्याकडे आणायचं नाही, आधीच सांगतो."

"मग कुणाकडे आणायचं?"

"ज्याने फुकट दिलं त्याच्याकडे. बघा, परदेशात असेल कुठेतरी!" तो हसला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याने एक लहानसा स्क्रूड्रायव्हर कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवला.

मी पालघरच्या एका महाविद्यालयात कविता शिकवीत असे. आयुष्यभर मात्रा मोजलेल्या. आता आलेखाच्या कागदावर चौकटी मोजू लागले. पडद्यावरचे अक्षर काळ्या चौकटींचेच बनते; एका अक्षराला आठ चौकटी रुंदी, सोळा उंची. 'क्ष' काही केल्या मावेना. 'ळ' चे दोन्ही डोळे काळ्या चौकटींनी बुजून जात. जोडाक्षरे आम्ही सोडून दिली. दादा पापणीने पसंती देई, आणि मी पुढच्या अक्षराकडे जाई.

सुटे भाग मुंबईहून आले ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दसऱ्याला आमच्याकडे कोयता, विळी, पाण्याची मोटार, दादाची हत्यारांची पेटी, सगळ्यांना हळदकुंकू लागते; न पुजलेल्या वस्तूने कामाला आरंभ करायचा नाही. सकाळी आईने दादाच्या खाटेसमोर पाट मांडला आणि संगणकाचा एकेक भाग त्यावर ठेवून पूजा केली. मी अंगणात झेंडूची तोरणे करीत होते. दुपारी जोडणीला बसले तेव्हा कॅबिनेटवरचे आणि कळफलकावरचे कुंकू ओल्या फडक्याने पुसले. मेमरीच्या दोन पट्ट्या त्यांच्या चंदेरी पिशव्यांत नीट घडी घालून ठेवलेल्या होत्या. वीज गेलेली, ढगाळ उजेड; पट्टीची खाच कुठल्या बाजूला आहे एवढेच मी पाहिले आणि त्या मदरबोर्डात दाबून बसवल्या. आई शेजारी उभी राहून कौतुकाने बघत होती.

वीज आली तसे यंत्र सुरू झाले. पंख्याची घरघर, तापत्या धुळीचा वास. माझी अक्षरे आणि दादाचे बटण त्यात बसवायचे तर प्रणालीचा गाभा त्या यंत्रावर नव्याने घडवावा लागणार होता. आज्ञा दिली की पडद्यावर तासन् तास ओळी सरकत. आणि मध्येच एक इंग्रजी वाक्य उमटून सगळे थिजे. पुन्हा आज्ञा दिली की भलत्याच ठिकाणी थिजे. ते रोज एकाच जागी मेले असते तर मी त्या जागी जाऊन शोधले असते. ते कधी दहाव्या मिनिटाला मरे, कधी दोन तास आशा लावून.

मी तारा बदलल्या. स्टॅबिलायझर आणला. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत, म्हणून अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरला, अर्थिंगची तार पुरली, रोज त्यात घागरभर पाणी ओतले. एकदा दोन तासांच्या वाटचालीनंतर पडदा थिजला तेव्हा मी कॅबिनेटवर मूठ आपटली.

"पुजलेली वस्तू हाय ती, बाय," आई म्हणाली. "मारू नको. पाया पड."

आणि मी पडले. माझ्यासारखी नास्तिक बाई त्या पत्र्याच्या खोक्यापुढे वाकली, आणि वाकलेल्या अवस्थेतच रडली.

त्या मासिकात ही प्रणाली वापरणाऱ्या पुण्याच्या एका वाचकाचा पत्ता होता. मी त्याला सगळे लिहून कळवले. दिवाळी सरता सरता पोस्टकार्ड आले: दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबते म्हणजे दोष बहुधा मेमरीत; पट्ट्या काढून त्यांची सोनेरी टोके तपासा. मी ते मोठ्याने वाचून दाखवले. आई खाटेच्या पायथ्याशी पावटे सोलीत बसली होती.

"दादा, मेमरी काढून बघू?"

पापण्या दोनदा मिटल्या.

"नक्की?"

एकदा मिटल्या, आणि मग तो माझ्याकडे रोखून पाहत राहिला. ज्या माणसाने पंधरा वर्षे कारखान्यातले बिघाड नुसत्या कानाने ओळखले, त्याच्यापेक्षा पुण्याच्या अनोळखी गृहस्थावर मी कशी विश्वासणार? पोस्टकार्ड मी वहीत ठेवून दिले.

तुळशीचे लग्न झाले. दाराच्या घंटीचे जे बटण आम्ही बसवले होते, ते आता त्याच्या बोटाला दबेना. मी पावडरच्या डब्याचे झाकण कापून पातळ पत्र्याची पट्टी केली, नुसत्या स्पर्शाने टेकणारी. तो तिच्यावर रोज सराव करी; दोनच आठवड्यांत पट्टी टेकल्याचा आवाजही क्षीण झाला. महाविद्यालयात कवितेची ओळ वाचता वाचता मी मध्येच थांबे आणि मुली माझ्याकडे बघत राहत. मी मनातल्या मनात त्याचे बोट ऐकत असे.

मार्गशीर्ष लागला, आणि वाणगावला मावशीच्या मुलीची हळद आली. दसऱ्यापासून आई घराबाहेर पडली नव्हती.

"मी गेली तर याचं तोंड कोण व्हणार?"

"एक दिवस मी होईन की, आई."

"तुला कुठं जमतंय! तू आपली शब्द संपायची वाट बघत बसतेस."

शेवटी ती गेली. रिक्षाचा आवाज पिंपळाच्या वळणावर विरला तशी दादाची नजर यंत्राकडे वळली आणि तिथेच थांबली. मी पुठ्ठा उचलला. 'म' ला पापणी मिटली. 'मे' ला मिटली.

"मेमरी?"

पापणी मिटली, आणि बराच वेळ उघडली नाही.

मी कॅबिनेट उघडून पट्ट्या ओढून काढल्या. सोनेरी दातांच्या रांगेत डावीकडचे चार दात लाखेसारख्या कडक, काळपट तांबड्या थराखाली गेले होते. दोन्ही पट्ट्यांवर, एकाच जागी, एकाच आकाराचा ठिपका. आई अनामिकेने लावते तेवढे कुंकू. पिशवीवरून पूजा केली तर ती पूजा नव्हे, म्हणून तिने पट्ट्या बाहेर काढल्या होत्या, त्यांना कुंकू लावले होते आणि पुन्हा जपून आत ठेवल्या होत्या. दादाने ते समोरून पाहिले होते.

खोडरबराने दात घासले; गुलाबी चुरा मांडीवर पडत राहिला. इंजेक्शनच्या स्पिरिटमध्ये कुंचला बुडवून खाचा पुसल्या. आज्ञा दिली. ओळी सरकू लागल्या आणि दुपारभर सरकत राहिल्या, कुठेही न मरता. चारच्या सुमारास माझ्या चौकटींतली वर्णमाला काळ्या पडद्यावर उभी राहिली. पत्र्याची पट्टी मी त्याच्या बोटाखाली सरकवली.

त्याने पहिला शब्द लिहिला, 'पाठ'. मी पाठ खाजवली. पुष्कळ वेळ खाजवली.

मग मी विचारले, "आधी का नाही सांगितलंस?"

उजेड अक्षरांवरून फिरत राहिला. एकेका अक्षरासाठी दोन-दोन फेऱ्या. बोट थरथरायचे, चुकायचे, पुन्हा वाट पाहायचे. पाव तासाने खालच्या ओळीत तीन शब्द होते: 'ती बसून होती'.

खरेच, त्याचे प्रत्येक अक्षर आईच उच्चारीत होती. त्याने पापणीने हे सांगितले असते तर आपल्याच बोटाने लेकाचे बोलणे अडवले, हे आईला स्वतःच्या तोंडाने वाचावे लागले असते. मी समजले, आणि तरी मला संताप आला. त्याच्या बोटाचे दोन महिने त्याने आईच्या नकळत तिला देऊन टाकले होते. माझे रडणे, अंगणातला खड्डा, पोस्टकार्ड, सगळे त्याला दिसत होते. "मला विचारलं असतंस तर मी हे महिने दिले नसते," असे मी म्हणाले.

आई परतली ती गालाला हळद माखून. "चाललं? काय झालं व्हतं?"

"गंज चढला होता."

"खारं वारं, दुसरं काय!" ती पडद्याजवळ गेली, समाधानाने पाहत राहिली. "दसऱ्याला पूजा केली व्हती म्हणून तगलं तरी. नायतर कवाच मेलं असतं."

दादाच्या घशातून एक घुसमटता श्वास सुटला. तो हसत होता. मला हसता आले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने लिहिले, 'पडदा तिकडे फिरव'. मी तो आईच्या बसण्याच्या जागेपासून फिरवला. आई पुठ्ठा मांडीवर घेऊन बसून राही. "माझं काम संपलं वाटतं," असे एकदाच म्हणाली. त्या दिवसांत दादाने मला जे लिहिले ते इथे देत नाही. ते थोडे आहे, आणि ते कुणाच्याही जिभेवरून जायचे नव्हते.

उजेड आधी प्रत्येक अक्षरावर एक सेकंद थांबे. पहिल्या आठवड्यात मी ते दोन केले, मग चार. दत्तजयंतीनंतर एका सकाळी पट्टी टेकल्याचा आवाज आलाच नाही. मी त्याच्या तर्जनीवर माझे बोट ठेवून पाहिले; ती उबदार होती, आतून काही येत नव्हते.

"आज बोलायचं नाय वाटतं त्याच्या मनात," आई म्हणाली.

मी कळफलक ओढला आणि थांबा दहा सेकंदांचा केला. उजेड 'अ' वर येऊन उभा राहिला. मी त्याच्या बोटाकडे पाहत होते. मग तो 'आ' वर गेला.