अमोलच्या परवानगीनं

परवानगी मागण्यात माझ्या मावशीच्या यजमानांचा हात धरील असा माणूस जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुके पालथे घातले तरी सापडणार नाही. आम्ही त्यांना काका म्हणतो. पिंपळवंडीला त्यांची स्वतःची विहीर, स्वतःची मोटर, पण बटण दाबण्याआधी बांधापलीकडच्या चुलतभावाला "चालू करू का रं?" असं विचारल्याशिवाय हात वर जायचा नाही. त्या चुलतभावाचा त्या विहिरीत थेंबाचा वाटा नाही. लग्नाच्या पंगतीत बसायच्या आधी शेजारच्याला विचारतील, उठायच्या आधी वाढप्याला विचारतील. घरात ताकाचं भांडं समोर असताना "घेऊ का गं?" म्हणून थांबतात आणि मावशी कपाळावर हात मारून घेते. एकदा भीमाशंकरला गेलो तर गाभाऱ्याच्या दाराशी असे अडून राहिले की मागची सगळी रांग खोळंबली. पुजारी म्हणाले, चला पुढं. तर काका त्यांना शांतपणे म्हणाले, "तुमी म्हनलात ते झालं, पर देवाचं काय?" मी त्या दिवशी रांगेतल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या, काकांनी प्रसाद खाल्ला. तोही विचारून.

अशा माणसाच्या नशिबी लिनक्स आलं. त्यांचा एकुलता एक मुलगा अमोल कॅनडाला जाताना घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी ते टाकून गेला, म्हणजे व्हायरसची भानगड नको. ॲडमिन, म्हणजे मशीनचा कारभारी, स्वतः राहिला आणि काकांना साधं खातं दिलं. आता काका त्यावर करतात काय, तर गावातल्या लग्नाळू पोरापोरींचे बायोडेटा टाइप करतात. (उंची लिहिण्याआधी पोरीला विचारतात, किती लिहू?) टाइप करेपर्यंत मशीन गप्प असतं. पण नवा प्रिंटर जोडायचा, अपडेट घ्यायचं, घड्याळ पुढंमागं करायचं म्हटलं की पडद्यावर चौकट येते: परवानगी हवी, अमोलचा पासवर्ड टाका. दुसरा एखादा वैतागून कॉम्प्युटर उकिरड्यावर टाकून आला असता. काका हरखले. "लई संस्कारी मशीन हाय राव," म्हणाले, "इचारल्याबिगर काय करत न्हाई." मग ते चष्मा पुसायचे, खुर्ची सरळ करायचे आणि अमोलला फोन लावायचे. अमोल एकेक अक्षर सांगायचा, काका एकेक बटण शोधायचे, आणि त्या शोधाशोधीत तिकडं बर्फ पडलं का, जेवायला काय केलं, हेही विचारून व्हायचं.

नारायणगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे नात्यातलं प्रत्येक बंद पडलेलं मशीन माझ्याच बोकांडी बसतं. अमोलनं मला कळवलं की, दादा, ऐन मीटिंगमध्ये फोन येतो, बाबांनाच ॲडमिन करून टाक. मी गेलो, युजर्सच्या सेटिंगमध्ये काकांच्या नावापुढचं ॲडमिनचं बटण चालू केलं, मावशीच्या हातचं पिठलं-भाकरी हाणली आणि परत आलो. आठवडाभरात अमोलची तीच तक्रार. पुन्हा गेलो तर बटण बंद. चालू केलं. पुन्हा बंद. अपडेटनं घोळ घातला म्हणावं तर तसं काही दिसेना. सगळं तपासलं, मशीननं ठेवलेल्या नोंदी वाचून डोळे दुखले. शेवटी मावशीलाच माझी दया आली. "अरे, तेच बंद करत्यात. तू जीपमधी बसायचा अवकाश," ती चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली. मी असा तापलो म्हणता!

पुढं अमोलनंच तिकडून इंटरनेटवरून मशीनचा ताबा घेतला आणि कायमचा निकाल लावला. आता कुठल्याच कामाला पासवर्ड लागणार नाही, चौकट येणारच नाही, निवांत वापरा, असं त्यानं बापाला सांगितलं. पोरानं प्रेमानंच केलं, त्याला कशाला नावं ठेवू? मलाही हायसं वाटलं.

त्यानंतर काही दिवसांनी ऐन बाजाराच्या गर्दीत काका माझ्या दुकानात. टोमॅटोच्या क्रेटमध्ये गोधडी घालून त्यात कॉम्प्युटर ठेवलेला, जीपमध्ये मांडीवर घेऊन आणलेला. दाराशी उभं राहून "येऊ का?" विचारलंच. मी मशीन जोडून पाहिलं. सगळं ठणठणीत. झालंय काय, म्हटलं.

"बिघडलंय. कुनाला काय इचारतच न्हाई आता."

मी त्यांना समजावू लागलो की हा बिघाड नाही, सोय आहे. काकांनी ऐकून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "इचारत न्हाई म्हंजे मला फोन करायला कारन न्हाई. त्याला कामं असत्यात. आपलं काम न्हाई तर लेकराचा येळ कसा मागायचा?"

बापानं पोराला फोन करायला कारण कशाला लागतं, असं मी रागानंच म्हणालो. पण ताकालासुद्धा परवानगी मागणाऱ्या माणसाला हे कोण पटवणार? मी मुकाट्यानं अमोलनं दिलेली सूट काढून टाकली, काकांचं खातं पुन्हा साधं केलं आणि दुकानातला प्रिंटर जोडायला घेतला. चौकट आली. तीत अमोलचं नाव. काकांचा चेहरा फुलला.

त्यांनी तिथूनच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. अमोल आधी चिडला, परत कसं काय विचारायला लागलं म्हणाला. मग सुस्कारा टाकून, बरं, लिहा बाबा, म्हणत त्यानं पहिलं अक्षर सांगितलं. मी काकांच्या हातांकडं बघत होतो. शेताच्या कामानं जाड झालेली ती बोटं न अडखळता बटणांवरून फिरली आणि अमोल दुसऱ्या अक्षरावर येईतो पासवर्ड पुरा लिहून झालासुद्धा. एंटर तेवढं दाबलं नव्हतं. काकांनी हात मांडीवर ठेवले, टेबलावरच्या फोनकडं वाकून कान नेला आणि म्हणाले, "हां, लिव्हलं. मंग पुढं?"