अल हिलालचे राष्ट्राध्यक्ष

अत्यंत गंभीरपणे, आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना, मी जाहीर करतो की ऐंशीच्या दशकात अमेरिकेला दोन राष्ट्राध्यक्ष होते. एक त्यांच्या राजधानीत राहत. दुसरे दोह्यात, अल हिलाल नावाच्या वस्तीतल्या एका जुन्या व्हिलाच्या मागच्या खोलीत, माझ्या शेजारच्या खाटेवर, लुंगी आणि बनियन अशा अधिकृत पोशाखात.

मूळचे चिपळूणकडचे, पेशाने टायपिस्ट. ऑफिसातल्या अमेरिकन इंजिनिअरने एकदा चहा पिता पिता त्यांना आपल्या देशात कायदा कसा होतो ते समजावलं, आणि हा माणूस संध्याकाळी घरी आला तो राज्यघटना घेऊनच. व्हिलात मेस होती. ते सगळ्यांत वडील म्हणून राष्ट्राध्यक्ष झाले आणि आम्ही उरलेले सहाजण सभागृह. भेंडी की दुधी हे आम्ही बहुमताने ठरवायचं आणि त्यांच्या सहीसाठी न्यायचं. पटलं तर ते सही करत, नाही तर कारण लिहून परत पाठवत. दहा दिवस नुसतं उशाशी ठेवलं, तर सहीशिवायच कायदा होई. त्यात रविवार धरत नाहीत म्हणे, पण इथली सुट्टी शुक्रवारची, म्हणून त्यांनी शुक्रवार वगळले. तोवर दुधी सुकून जाई.

मात्र राष्ट्राध्यक्षांना स्वतः विधेयक मांडता येत नाही, हे त्यांचं मोठं दुःख होतं. सुरमई खावीशी वाटली की ते संध्याकाळी गच्चीवर माझ्या बाजूला येऊन उभे राहत. विमानतळ जवळच, त्यामुळे विमानं धुरकट गुलाबी उजेडातून डोक्यावरून जात. त्यातलं मुंबईचं कोणतं, हे ते आवाजावरून सांगत आणि ते विमान ठिपका होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहत. मग हळूच म्हणत, "जनतेच्या मनात सुरमई आहे असं दिसतं. तू मांड."

विधेयकातला एखादा तुकडा खोडायचाही त्यांना अधिकार नव्हता. हे ओळखून इस्पितळात काम करणाऱ्या वसईच्या पास्कलने एक विधेयक आणलं: शुक्रवारी मटण व्हावं आणि राष्ट्राध्यक्षांनी मोरीत गाणं बंद करावं.

"मटण मंजूर, गाण्याचं नामंजूर," राष्ट्राध्यक्ष म्हणाले.

"तसं नाय चालत, साहेब. घ्यायचं तर सगळं घ्या."

त्यांनी सही केली. मटणासाठी ते काहीही करतील, अशी आमची खात्री पटली.

ते कित्येक वर्षांत घरी गेले नव्हते. निघाले तेव्हा मुलगी रांगत होती. आता फोटोत तिला दोन वेण्या होत्या. रजा मिळे, आणि ते ती सोडून देत. "ऑफिसचं अडतं," म्हणत. त्यांचा साहेब तर "यल्ला, चल, जा एकदा" म्हणून मागे लागला होता.

म्हणून आम्ही ठराव केला: मटण व्हावं आणि राष्ट्राध्यक्षांनी यंदा रजेवर गावी जावं. आत खोबरं भाजल्याचा वास सुटला होता. त्यांनी कागद वाचला, परत वाचला, आणि मटणासकट नामंजूर केला. खाली कारण लिहिलं होतं, 'सध्या योग्य वेळ नाही.' कोणी हसलं नाही. तेव्हा आम्हाला कळलं की हा माणूस घाबरलाय.

आमच्या सहाजणांतला बीडचा ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, दोन तृतीयांश हात वर झाले तर तुमचं काई चालत नाई ना?"

"नाही चालत," ते म्हणाले. खोटं बोलता आलं असतं, पण घटनेवर त्यांचं फार प्रेम.

सगळ्यांचे हात वर गेले. त्यांनी ते सावकाश मोजले. मग कपाटावरची बॅग काढून तिच्यावरची धूळ लुंगीनेच पुसू लागले.

विमानतळावर आम्ही सगळे गेलो होतो. काखेत मुलीच्या फ्रॉकचा खोका धरून ते रांगेत पुढे सरकत राहिले. पासपोर्टवर शिक्का बसला. पलीकडे गेल्यावर मात्र ते थांबले, आमच्याकडे वळले आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "अरे, पण तिनं मला ओळखलंच नाही, तर?"