ओढ्याकाठची गवताची पट्टी

कसबा बावड्यात दिवाळीचा पाडवा माणसांपेक्षा म्हशींचाच. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची आणि मालकाच्या हाकेसरशी म्हैस कशी धावत येते ते चारचौघांत दाखवायचं. आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, एक हाक दिली की आमची म्हैस समोरची पेंड सोडून यायची. मी घसा कोरडा केला तरी ढिम्म.

त्याआधी सकाळी तिची अंघोळ, शेताखालच्या ओढ्यात. आबा भाताच्या पेंढ्यानं तिची पाठ घासायचे आणि आम्ही भावंडं तिच्या शेपटीला धरून डुंबायचो. त्या सुखाची सर पुढं कशालाच आली नाही.

मग उसाचं खत आणि गोठ्यातलं शेणपाणी प्रत्येक पावसात वाहून ओढ्यात जाऊ लागलं. पाणी हिरवं झालं, वास मारू लागलं. म्हैस तोंड लावेना. पाडव्याची अंघोळ नळावर आली.

अलीकडे सरकारी अनुदान निघालं. गोठ्यातल्या शेणपाण्यासाठी पक्का खड्डा बांधायचा आणि ओढ्याकाठी ऊस न लावता गवताची पट्टी राखायची, म्हणजे खत-माती तिथंच अडते. वीतभर बांधासाठी शेजाऱ्याशी हाडवैर धरणारे आबा एवढी जमीन सोडायला एका पायावर तयार! मी विचारलं तर म्हणाले, "म्हस परत वड्यात न्यायची हाय की!" बाकीच्या अटी घरात कुणी धड ऐकल्याच नाहीत.

यंदा पावसाळा सरला आणि ओढ्याचं पाणी निवळून तळाचे गोटे दिसू लागले. पाडव्याच्या आदल्या दिवशी कृषी खात्यातल्या बाई पट्टी बघायला आल्या. आबांनी हौसेनं बेत सांगितला. बाई संकोचल्या. "आबा, जनावरं पाण्यात उतरवायची नाहीत हो. अनुदानाची अटच आहे. नाहीतर शेण पुन्हा पाण्यातच जाणार."

मी तडकलो. आबांनी हातानंच मला गप्प केलं. "बरोबर हाय बाईंचं."

पाडव्याला म्हैस नळावरच न्हाली. शिंगं रंगली, माळ चढली. मग आबा एकटेच पट्टी ओलांडून ओढ्यात उतरले, धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभे राहिले. गवताच्या अलीकडून म्हैस कान टवकारून त्यांच्याकडे बघत होती. दावं सोडलेलं होतं, मधे कुंपण नव्हतं. एका हाकेत ती पाण्यात गेली असती.

आबा बाहेर येईपर्यंत तोंड मिटून उभे होते.