रेषेला हात

रेषेला हात लावायला खेमराजला त्याच्या मायनंच शिकवलं होतं. कारध्याच्या शाळेमागं तो पहिल्यांदा कबड्डी खेळायला उतरला, तेव्हा बायाबाई मासोळ्यांची पाटी खाली ठेवून ओरडली होती, "पाया पड आधी! डोंग्यात चढताना नदीच्या नाई पडत काय?" तेव्हापासून मैदानात जाण्याआधी तो गुडघा टेकायचा, बोटं मातीला लावायचा, मग कपाळाला, मग छातीला. पुढे मुंबईच्या एका कंपनीच्या संघात करारावर गेला, टीव्हीवर दिसू लागला. तिथं माती नव्हती, तर मॅटला हात लावायचा.

चढाई करताना उजवा गुडघा आतून फाटला. शस्त्रक्रियेनंतर तो पुरता वाकेना. कंपनीनं करार वाढवला नाही आणि खेमराज घरी आला. बायको मुलीला घेऊन सिहोऱ्याला भावाकडे राहायला गेली. जाळं खांद्यावर घ्यायची त्याला लाज वाटे. चौकात कोणीतरी म्हणायचंच, "काय गा चॅम्पियन, आमची कोंबडी सुटली, पकडून दे ना बापा!" सुरुवातीला तो हसायचा. मग रेतीवाल्यांसाठी वसुली करायला जाऊ लागला. माणूस धरून आपटायला त्याच्यासारखा दुसरा नव्हता. तो घरी तेल आणायचा, साखर आणायची झाली तर पोतंच आणायचा. बायाबाई ते वापरायची आणि विचारायची नाही.

त्या हिवाळ्यात मोहाडीजवळच्या एका राइस मिलमध्ये भरदुपारी चोरी झाली. चौकीदार मनिराम दवाखान्यात नेईस्तोवर गेला. त्याची बायको आनंदाबाई बाजारात बायाबाईच्या शेजारीच लाखोरीची भाजी घेऊन बसायची. उन्हात दोघी एकाच छत्रीखाली सरकायच्या. बायाबाई भेटायला गेली.

आनंदाबाईनं पुतण्याच्या मोबाइलवर मिलच्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ लावून तिच्यापुढे धरला. "पाह्य बाई. साऱ्या गावानं पाह्यलं."

तोंडाला दुपट्टा बांधलेला माणूस ऑफिसच्या दाराशी थांबला. उजवा पाय बाजूला ताठ ठेवून त्यानं डावा गुडघा टेकला. उंबरठ्याला बोटं लावली. कपाळाला. छातीला.

"पाया पडून आत गेला वो," आनंदाबाई म्हणाली. "कोन्या मायनं शिकवलं असन इतकं चांगलं?"

बायाबाईच्या हातातला चहा तसाच राहिला.

थोड्या वेळानं तो माणूस बाहेर येऊ लागला. मनिरामनं खाली पडून त्याचा घोटा धरला होता. त्यानं लाथ मारली नाही. म्हाताऱ्याला तसंच ओढत, हात दाराकडे लांबवत तो पुढे झेपावला. वजनकाट्याच्या लोखंडी कोपऱ्यावर मनिरामचं डोकं आपटलं.

"सोडाले पायजे होता त्याईनं पाय," आनंदाबाई म्हणाली. "पन मालकानं सांगतलं होतं ना, चोर आला तं धरून ठेवजो."

बायाबाई उठली. बस स्टँडवर जायच्या ऐवजी ठाण्यात गेली.

घरी आल्यावर तिनं भात टाकला, मासोळीचा रस्सा केला. खेमराज जेवायला बसला.

"कुठं गेलती?"

"आनंदाबाईच्या घरी."

त्याचा घास थांबला. "थो म्हातारा पाय सोडतच नव्हता, माय. मले दारच दिसून राहिलं होतं."

तिनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला. "जेवून घे. मी पोलिसाले सांगून आली."

खेमराज ताडकन उठला. मागच्या दाराबाहेर नदी होती, डोंगा बांधलेला होता. बायाबाई त्या दारात जाऊन बसली.

"सरक."

"नाई."

तिला एका हातानं उचलून बाजूला ठेवणं त्याला जड नव्हतं. तो तिच्यावरून पाय टाकायला गेला आणि तिनं दोन्ही हातांनी त्याचा घोटा धरला.

"सोड, माय!"

"ओढत ने मले. त्याले नेलं तसं."

समोर रस्त्यावर जीप थांबली. दारं आपटली. खेमराजचा एक पाय घरात होता, एक बाहेर. त्यानं पाय ओढून बघितला नाही. खाली तिच्या पांढऱ्या केसांकडे बघत तसाच उभा राहिला.

पोलीस आत आले, त्यांनी त्याचे दंड धरले. तरी बायाबाईची बोटं सुटेनात. एका शिपायाला खाली बसून ती एकेक करून सोडवावी लागली.