वर्कस्टेशनवर तीर्थ

इमारतींची थ्रीडी चित्रं करायला मी वर्कस्टेशन घेतलं. नवरा त्याला 'महागडा डबा' म्हणायचा. "घरातला साधा कॉम्प्युटर काय वाईट होता?" हा आमचा रोजचा वाद.

आयुधपूजेला सासूबाईंनी दोन्ही मशीनना कुंकू लावून वरून तीर्थ शिंपडलं. साध्या कॉम्प्युटरची वरची बाजू बंद होती. वर्कस्टेशनला मात्र वरती जाळी! पाणी थेट आत गेलेलं दिसलं. सासूबाईंना काय बोलणार, कपाळ!

आमच्याकडे म्हैसुरात पूजलेलं आयुध दुसऱ्या दिवसापर्यंत वापरत नाहीत. चालू करून बघायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बटणाकडे बोट नेलं. "थांब गं," नवरा म्हणाला, आणि त्यानं महागड्या डब्याला हात जोडले.